एका चित्रकथेचे परीक्षण

मुलांनो, एखादे पुस्तक वाचून झाल्यावर ते कसे वाटले असे कोणी विचारले, तर तुम्ही काय सांगता? ‘छान आहे’ किंवा ‘कंटाळवाणे आहे’, एवढेच ना? तुमच्या मताविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. ते पुस्तक आपण वाचावे की न वाचावे, हे त्याला तुमच्या उत्तरावरून ठरविता येत नाही. इतकेच नव्हे, तर तुम्ही ते खरोखर वाचले आहे की नुसते चाळले आहे, हेही त्याला समजत नाही. परीक्षण लिहिणाऱ्याला एवढ्यावर थांबून चालत नाही. आपले मत कशावरून बनले, हे त्याला पुस्तकातील जागेवर बोट ठेवून दाखवावे लागते.

ही गोष्ट मी शिक्षक या नात्याने वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो. ती न पाळण्याचा अपराध एकदा माझ्याच हातून घडला. तो आधी सांगतो.

मी मुख्याध्यापक होतो तेव्हाची गोष्ट. एके दिवशी सातवीचे वर्गशिक्षक रजेवर होते, म्हणून मी त्या वर्गावर गेलो. मुलांना नकाशा पाहावयास सांगितला आणि बाकांमधून फेरी मारू लागलो. शेवटच्या बाकावरील एक विद्यार्थी नकाशासंग्रहात फारच गढून गेला होता. जवळ जाऊन पाहतो तो आत दुसरेच पुस्तक! ते नकाशासंग्रहाहूनही मोठे असल्यामुळे त्याच्या कडा बाहेर डोकावत होत्या आणि त्यामुळेच बिचारा पकडला गेला. पुस्तक इंग्रजी होते. मुखपृष्ठावर तांबड्या पोशाखातील एक धिप्पाड मनुष्य एक मोटार उचलून विटांच्या भिंतीवर आदळीत होता. मी ते पुस्तक काढून घेतले आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “असल्या पुस्तकांनी बुद्धीला गंज चढतो.”

तो मुलगा उभा राहिला. खाली मान घालून, पण स्पष्ट शब्दांत त्याने विचारले, “सर, तुम्ही हे वाचले आहे का?”

त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. असता तर माझे काम सोपे झाले असते. वर्ग एकदम शांत झाला. मी ते पुस्तक वाचलेले नव्हते. तसले कोणतेच पुस्तक मी वाचलेले नव्हते. “उद्या सांगतो,” एवढेच म्हणून मी वर्गाबाहेर पडलो, आणि त्या रात्री जेवण झाल्यावर दिव्याखाली ते पुस्तक उघडून बसलो.

ते ‘व्हिझ कॉमिक्स’ या अमेरिकन चित्रकथा-मासिकाच्या पहिल्या अंकाचे पुनर्मुद्रण होते. मूळ अंकावर फेब्रुवारी १९४० असा महिना असून किंमत १० सेंट होती. हे पुनर्मुद्रण १९७४ साली मोठ्या आकारात निघाले. मुलाच्या मामांनी ते आपल्या लहानपणापासून जपून ठेवले होते आणि भाच्याला दिले होते, हे मला दुसऱ्या दिवशी समजले.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. हा अंक पहिला खरा, पण त्याचा क्रमांक दोन आहे! त्याचे असे झाले की, मासिकाच्या नावावर आपला हक्क नोंदविता यावा म्हणून फॉसेट या प्रकाशनसंस्थेने आधी थोड्या नमुना-प्रती छापल्या होत्या. त्या विक्रीसाठी नव्हत्या. त्यांतील नायकाचे नाव कॅप्टन थंडर असे होते. पण योजलेल्या नावांशी जुळणारी नावे दुसऱ्या प्रकाशकांनी आधीच घेतलेली निघाली. तेव्हा मासिकाचे नाव बदलून ‘व्हिझ’ झाले, नायक कॅप्टन मार्व्हल झाला आणि दुकानात आलेला पहिला अंक दुसरा ठरला. ज्याचे परीक्षण करावयाचे त्याची जन्मकथा अशी थोडक्यात ठाऊक करून घ्यावी. तिच्यामुळे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. ‘व्हिझ’ हा शब्द आणि कथेतील मुलाचे ‘बिली’ हे नावही असेच घरचे आहे. संस्थेचे संस्थापक विल्फर्ड फॉसेट हे ‘कॅप्टन बिली’ या नावाने ओळखले जात, आणि १९१९ साली त्यांनी काढलेल्या विनोदी मासिकाच्या नावात हे दोन्ही शब्द होते.

कथा बिल पार्कर यांनी लिहिली आणि चित्रे सी. सी. बेक यांनी काढली. चित्रकथेत लेखक आणि चित्रकार असे दोन कर्ते असतात, हे विसरू नये. नुसती गोष्ट सांगून परीक्षण संपविणारा मनुष्य चित्रकाराचे देणे बुडवितो.

आता कथा पाहू. ती सगळीच सांगून टाकू नये असा परीक्षणाचा नियम आहे. पण हा अंक निघून इतकी वर्षे लोटली आहेत की, मी तो नियम थोडासा मोडणार आहे.

रात्रीची वेळ आहे. भुयारी रेल्वेच्या तोंडाशी एक मुलगा वर्तमानपत्रे विकीत उभा आहे. त्याचे नाव बिली बॅट्सन. अंगरख्यात आणि टोपीत चेहरा झाकलेला एक अनोळखी मनुष्य त्याला विचारतो की, एवढ्या रात्री तू घरी का नाहीस? बिली सांगतो की, मला घर नाही. मी स्थानकातच झोपतो, तेथे ऊब असते. वाचकाला त्याच्याविषयी कळवळा वाटावा म्हणून लेखकाने याहून अधिक काही केलेले नाही. ना अश्रू, ना लांबलचक भाषण. ‘तेथे ऊब असते’ या साध्या उत्तरातच त्या मुलाचे सारे हाल येऊन जातात, आणि तक्रार न करण्याचा त्याचा स्वभावही येतो. मी वाचता वाचता थांबलो तो येथे प्रथम.

तो मनुष्य बिलीला भुयारात नेतो. चालकावाचून धावणारी एक विचित्र गाडी येते आणि त्यांना घेऊन एका प्राचीन दालनात पोचते. दालनात सात भयंकर मूर्ती उभ्या आहेत. पलीकडे सिंहासनावर एक अतिवृद्ध मांत्रिक बसला आहे, आणि त्याच्या मस्तकावर एक प्रचंड शिळा केवळ एका धाग्याला टांगलेली आहे! मांत्रिकाचे नाव शझॅम. त्याने तीन हजार वर्षे दुष्टांशी झुंज दिली आहे, आता तो थकला आहे आणि आपले कार्य पुढे चालविण्यासाठी त्याने बिलीला निवडले आहे. बिलीला आईबाप नाहीत. त्याच्या वाट्याची संपत्ती हडप करून चुलत्याने त्याला घराबाहेर काढले आहे, हेही मांत्रिकाला ठाऊक आहे. तो बिलीला आपले नाव उच्चारावयास सांगतो. बिली ‘शझॅम!’ असे म्हणताच वीज कडाडते आणि त्या जागी तांबड्या पोशाखातला, छातीवर सोनेरी विजेची खूण असलेला कॅप्टन मार्व्हल उभा राहतो. तोच शब्द पुन्हा उच्चारला की पुन्हा बिली. एवढे होते न होते तोच धागा तुटतो, आणि शिळा म्हाताऱ्यावर कोसळते.

शझॅम या नावात सहा नावे दडलेली आहेत. इंग्रजी लिपीत त्याची सहा अक्षरे होतात आणि प्रत्येक अक्षर हे एकेका पुराणप्रसिद्ध पुरुषाच्या नावाचे आद्याक्षर आहे: सॉलोमनचे शहाणपण, हर्क्युलिसचे बळ, अ‍ॅटलसचा दम, झ्यूसचे सामर्थ्य, अकिलिसचे धैर्य आणि मर्क्युरीचा वेग. यांतील सॉलोमन हा यहुद्यांचा राजा, मर्क्युरी हा रोमनांचा देव, आणि बाकीचे ग्रीकांच्या कथांतून आलेले. त्यांतही हर्क्युलिस हे नाव रोमन वळणाचे. पंडितांनी नाक मुरडावे अशी ही खिचडी आहे. पार्कर यांच्या मनात आधी सहा निरनिराळे वीर होते, प्रत्येकाजवळ एकेक शक्ती. ते सहा मिळून एकच करावा असे प्रकाशनसंस्थेत ठरले. माझ्या मते ते चांगले झाले. सहा वीरांची ओळख करून देण्यातच पहिल्या अंकाची पाने संपून गेली असती. शिवाय एका शब्दात सहा शक्ती सामावल्यामुळे तो शब्द मुलांच्या तोंडी बसला.

त्या सात मूर्तींकडेही थोडे थांबून पाहिले पाहिजे. मनुष्याचे सात शत्रू म्हणून त्या उभ्या केल्या आहेत: गर्व, मत्सर, लोभ, द्वेष, स्वार्थ, आळस आणि अन्याय. आपल्याकडील षड्रिपूंची तुम्हांला आठवण झाली असेल. काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर या आपल्या सहांपैकी तीन त्या दालनातही भेटतात. ख्रिस्ती परंपरेत सात महापातके सांगितलेली आहेत. पार्कर यांनी त्यांतील वासना, खादाडपणा आणि क्रोध ही तीन वगळून त्यांच्या ठिकाणी स्वार्थ, द्वेष आणि अन्याय यांना आणून बसविले. पुस्तक मुलांसाठी होते, तेव्हा वासना का वगळली हे उघड आहे. खादाडपणा का वगळला? कदाचित मुलांच्या तो अंगाशी आला असता म्हणून! पण शेवटची मूर्ती मला विशेष वाटते. बाकीचे सहा दोष मनुष्याच्या मनात राहतात. अन्याय मात्र मनाबाहेर घडतो आणि दुसऱ्याला भोगावा लागतो. बिली तो भोगीतच त्या दालनात आला आहे.

तथापि या चुलत्याचे पुढे काय होते? काहीच नाही. पहिल्या कथेत तो पुन्हा येतच नाही. अंगी एवढे सामर्थ्य आल्यावर बिली आपली संपत्ती मागावयास जाईल असे वाटते. पण तो जात नाही, आणि लेखकही त्याविषयी बोलत नाही. हा मी कथेतील दोष समजतो. चुलता पडद्यावर आणला, त्याच्यावर आरोप केला आणि मग त्याला विसरून गेले, असे वाटते. पहिल्या अंकात सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळावीत असा आग्रह धरू नये, हे खरे. पण प्रश्न शिल्लक आहे याची जाणीव लेखकाला आहे, एवढे तरी दिसावयास हवे होते.

कथेचा उत्तरार्ध निराळ्या चालीचा आहे. बिली पुन्हा रस्त्यावर येतो आणि आपण स्वप्न तर पाहिले नाही ना, अशा संभ्रमात पडतो. सिव्हाना नावाचा एक वेडा शास्त्रज्ञ साऱ्या रेडिओ-केंद्रांना गप्प करण्याची धमकी देऊन पैसे मागत आहे. त्याच्या दोन साथीदारांचे बोलणे बिलीच्या कानी पडते. तो रेडिओ-कंपनीचे प्रमुख स्टर्लिंग मॉरिस यांच्याकडे जातो. हा फाटका पोरगा काय सांगतो इकडे ते लक्ष देत नाहीत. पण मग, तू त्या शास्त्रज्ञाचा ठावठिकाणा लावून दाखव, मी तुला नोकरी देतो, असे म्हणतात. बिली ठिकाण शोधतो. एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर झेप घ्यावयाची वेळ येते तेव्हा तो शब्द उच्चारतो. कॅप्टन मार्व्हल आत शिरून ते यंत्र मोडून टाकतो. सिव्हाना हाती लागत नाही. पुढच्या अंकांसाठी तो हवाच होता. शेवटी मॉरिस यांना बोलावून आणतो तो बिली, आणि रेडिओवर निवेदकाची नोकरी मिळते तीही बिलीला.

पहा, भुयारातील गूढ, भयंकर प्रसंगानंतर कथा किती हलकी होते! कॅप्टन मार्व्हलची ही कथा तेरा पानांची आहे, पण जणू दोन निरनिराळ्या पुस्तकांतील पाने एकत्र बांधली आहेत. पुढे या मासिकाची सारी ख्याती त्याच्या हसऱ्या, खेळकर स्वभावावर उभी राहिली. बोलणारा वाघ आणि चष्मा लावणारा दुष्ट किडा असली पात्रेही पुढील काही वर्षांत आली. पहिल्या अंकात हा खेळकरपणा गोष्टीत फारसा नाही, चित्रांत मात्र आहे. बेक थोडक्या रेषांत काम भागवितात. डोळे म्हणजे बारीकशा फटी, गाल गोल, पाठीमागची इमारत म्हणजे चार सरळ रेषा. नायकाचा चेहरा त्यांनी फ्रेड मॅकमरे या त्या काळच्या चित्रपटनटावरून घेतला होता. शत्रूवर तुटून पडतानाही या चेहऱ्यावर संताप नसतो. लहान मुलाला एखादे मोठे खेळणे हाती आल्यावर जसा आनंद होतो, तसा भाव असतो. आत बिलीच आहे, हे चित्रकाराने शब्दांवाचून सांगितले आहे. टक्कल पडलेला, जाड चष्म्याचा सिव्हाना भीतिदायक वाटण्याऐवजी गमतीदार वाटतो. चित्र गोष्टीच्या सेवेसाठी असते, तेथे अनावश्यक काही काढू नये, असे बेक यांचे मत होते. हे मत त्यांनी पाळले, ही त्यांच्या चित्रांची शोभा आहे; चित्रकलेचे बारकावे पाहू इच्छिणाऱ्याला मात्र ती रिकामी वाटतील.

अंकात इतरही कथा आहेत: जादूचा दंड बाळगणारा आयबिस, हेरांचा कर्दनकाळ स्पाय स्मॅशर, गोल्डन अ‍ॅरो नावाचा तिरंदाज आणि आणखी काही. खरे सांगतो, त्या मी एकदाच वाचल्या. कॅप्टन मार्व्हलची कथा मी त्या रात्री दोनदा वाचली.

आता त्या मुखपृष्ठाकडे परत जाऊ. मोटार आदळणारा वीर पाहून त्या काळच्या अनेकांना दुसऱ्याच एका चित्राची आठवण झाली असेल. जून १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर सुपरमॅन असाच एक मोटार उचलून आपटताना दाखविला आहे. कॅप्टन मार्व्हल त्यानंतरचा. मग ही नक्कल म्हणावयाची काय? सुपरमॅनच्या प्रकाशकांना तसेच वाटले. १९४१ साली त्यांनी फॉसेट संस्थेवर दावा लावला. तो खटला बारा वर्षे चालला. १९५१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाचा निकाल फॉसेटच्या विरुद्ध गेला, आणि १९५३ मध्ये फॉसेटने चार लाख डॉलर देऊन तडजोड केली व कॅप्टन मार्व्हलच्या कथा बंद केल्या. ‘व्हिझ कॉमिक्स’चा १५५ वा अंक शेवटचा ठरला. १९४४ या एका वर्षात ज्याच्या नावाच्या मासिकाच्या सुमारे एक कोटी चाळीस लाख प्रती खपल्या होत्या, तो वीर दुकानांतून नाहीसा झाला. पुढे १९७२ मध्ये त्याच्या कथा पुन्हा काढण्याची परवानगी एका प्रकाशकाने मिळविली. तो प्रकाशक कोण, तर ज्याने दावा लावला होता तोच! पण दरम्यान, १९६७ मध्ये, दुसऱ्या एका संस्थेने कॅप्टन मार्व्हल याच नावाचा निराळा वीर काढला होता. म्हणून १९७३ मध्ये निघालेल्या नव्या मासिकाचे नाव ‘शझॅम!’ असे ठेवावे लागले.

न्यायालयाने कायद्याच्या दृष्टीने निकाल दिला, त्याविषयी मी बोलत नाही. परीक्षकाचा निकाल निराळ्या प्रश्नाचा असतो. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की त्या कोठे सारख्या आहेत आणि कोठे नाहीत, हे त्याने पाहावयाचे असते. तांबडा किंवा निळा पोशाख, पाठीवर झूल, अचाट बळ, उचललेली मोटार, हे सारे सारखे आहे, आणि पहिल्या चित्राची छाया दुसऱ्यावर पडली आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु सुपरमॅन जन्मतःच बलवान आहे. तो दुसऱ्या ग्रहावरून आलेला आहे. क्लार्क केंट या नावाने वावरताना तो दुबळेपणाचे सोंग घेतो. बिलीचा दुबळेपणा सोंग नाही. तो खरोखरच लहान आहे, खरोखरच बेघर आहे, आणि त्याच्या तोंडावर कोणी हात दाबून धरला तर त्याची सारी शक्ती संपते, कारण ती शक्ती एका शब्दात आहे. सुपरमॅनची कथा वाचणारा मुलगा ‘मोठा झाल्यावर मी असा होईन’ असे म्हणेल. बिलीची कथा वाचणाऱ्याला मोठे होईपर्यंत थांबावे लागत नाही.

समुद्रकिनारी हताश होऊन बसलेल्या मारुतीला जांबवंताने त्याच्या शक्तीची आठवण करून दिली, ही कथा तुम्ही ऐकली आहे. ती शक्ती मारुतीजवळ आधीपासून होती. तिचा त्याला विसर पडला होता. बिलीजवळ ती नव्हती, ती त्याला मिळाली. मग त्यालाच का? मांत्रिकाने त्याची कसलीही परीक्षा घेतलेली नाही. पुढे पुष्कळ लेखकांनी या प्रश्नाची उत्तरे देण्याचा प्रयत्न केला आहे. पहिल्या अंकात उत्तर नाही. मला मात्र ‘तेथे ऊब असते’ हेच त्याचे उत्तर वाटते. हा मुलगा आपल्यावरील अन्यायाचे रडगाणे गात नाही, हे त्या झाकलेल्या चेहऱ्याच्या मनुष्याने ऐकले होते. हे माझे अनुमान आहे. परीक्षणात अनुमान करावयास हरकत नाही. ते अनुमान आहे, हे मात्र सांगावे.

आणखी एक उणीव सांगितल्यावाचून राहवत नाही. या कथेत सगळे काम पुरुषांचे आणि मुलग्याचे आहे. एखाद्या मुलीने हे पुस्तक वाचले, तर आपण यात कोठे आहोत असे तिला वाटेल. पुढे दोनतीन वर्षांत बिलीची बहीण मेरी हिलाही तो शब्द मिळाला, ही गोष्ट निराळी. आणि या मासिकाच्या पुढील काळातील एका लाजिरवाण्या गोष्टीचा उल्लेखही येथेच करतो. बिलीचा नोकर म्हणून स्टीमबोट नावाचे एक कृष्णवर्णीय पात्र आणले गेले. त्याचे ओठ, त्याचे बोलणे, त्याचे घाबरणे, सारे कृष्णवर्णीयांची टवाळी करण्याच्या त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रंगविलेले होते. मोठ्यांनी ते चालवून घेतले. पण १९४५ मध्ये न्यूयॉर्कमधील शाळकरी मुलांचा एक गट संपादकांना जाऊन भेटला आणि हे चित्र एका सबंध समाजाचा अपमान करणारे आहे, असे त्याने पुराव्यानिशी सांगितले. त्यानंतर ते पात्र मासिकातून काढून टाकण्यात आले. तुमच्याच वयाच्या मुलांनी केलेले हे परीक्षण होते. ते करण्याआधी त्यांनी मासिक वाचले होते, हे वेगळे सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सातवीच्या वर्गावर गेलो. पुस्तक त्या मुलाच्या हाती दिले आणि म्हणालो, “काल मी हे वाचलेले नव्हते. आता वाचले आहे. भूगोलाच्या तासाला वाचलेस ते चुकलेच. पण बुद्धीला गंज चढतो असे मी म्हणालो, ते मी परत घेतो.” मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग मी त्याला त्या अंकाचे परीक्षण लिहून आणावयास सांगितले. त्याने दुसऱ्या दिवशी आणलेला कागद असा होता: पुस्तकाचे नाव, त्याखाली ‘फारच मस्त आहे’, आणि त्याखाली सही.

मी कागद परत केला. “कशावरून?” एवढाच शब्द त्यावर लिहिला. त्याने आठ दिवस घेतले. दुसऱ्या खेपेस त्याने दोन पाने भरून आणली. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. चुलत्याबद्दल त्याने लिहिले होते की, बिलीला तो सापडायला हवा होता. चित्रांबद्दल लिहिले होते की, कॅप्टन मार्व्हलचे डोळे काढावयास सोपे आहेत, आपण काढून पाहिले. पण एका वाक्याखाली मी तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली, आणि ती चूक दाखविण्यासाठी नव्हे. मी कथा दोनदा वाचूनही ती गोष्ट माझ्या नजरेत भरली नव्हती. वर मी तिचा जो उल्लेख केला आहे, तो त्याच्यामुळे. त्याने लिहिले होते: ‘सगळी मारामारी कॅप्टन मार्व्हल करतो, पण साहेब नोकरी देतात ती बिलीला, आणि कॅप्टन मार्व्हल तेथे आला होता हे ते साहेबांना ठाऊकही नाही.’